बांधातला हात

चिखलीहून दुसरबीडला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. उजवा हात कोपरापासून यंत्राचा. मूळचा हात सोयाबीन काढताना मळणी यंत्रात गेला होता. या नव्या हाताच्या बोटांना स्पर्श कळतो, कारण त्याच्या तारा दंडातल्या नसांशी जोडल्यात, असं तो कौतुकानं सांगत होता. डोळे मिटून त्यानं माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली.

"सुती हाये."

मी हळूच बाही सोडवून घेतली.

"बायको मात्र याले शिवत नाही, भाऊ. भेते."

मग त्यानं दंडाजवळची तारांची पिन सोडवून तो हात काढला, फडक्यात गुंडाळून थैलीत ठेवला आणि बाहेर बघत बसला. थोड्या वेळानं त्याची रिकामी बाही थरथरली.

"काय झालं?"

"कोनी तरी हात धरला. रोज याच टायमाले धरते."

"कोणता हात?"

"जुना. आमच्या वावराच्या बांधात पुरला हाये ना. नव्या हातानं नसा जाग्या केल्या, तवापासून थोही जागा झाला."

विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचं सांगावं तसं त्यानं हे सांगितलं.

पुढच्या फाट्यावर तो उतरला. तिथं त्याची बायको उभी होती. तिनं थैली बंदांना धरून, अंगापासून लांब घेतली.

"कवाची उभी हायेस?"

"आत्ताच आली वावरातून."

तिच्या उजव्या तळव्याला ओली माती लागली होती. ती त्याला दिसू नये म्हणून तिनं मूठ घट्ट मिटली.

खिडकीतून मी पाहिलं, त्याची रिकामी बाही पुन्हा थरथरली.