अप्लिकेशनची भानगड

गेणभाऊ ओझरजवळच्या एका गावाचं पाणी सोडायचे. टाकीखाली चार व्हॉल्व्ह, गावच्या बोलीत वॉल, हातात लांब लोखंडी चावी, आणि बावीस वर्षं रोज सकाळी तीच वाट: आधी वरची आळी, मग खालची, मग मळा, शेवटी शाळेकडची वस्ती. पाणी वेळेवर आलं की गेणभाऊंचं नाव कुणाच्या तोंडी नसे. दहा मिनिटं उशीर झाला, की मात्र त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, इंद्रायणी, पुण्यात शिकून कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. २००१ च्या उन्हाळ्यात तिचा गावातल्या एसटीडी बूथवर फोन आला.

"अण्णा, दोन ठिकाणी नोकरी मिळालीय. पुण्याची अप्लिकेशनची हाय आन बंगळूरची सिस्टीमची. मला सिस्टीमच करायचीय, पण तुमी हो म्हणला तरच जाईन. सोमवारी कळवायचंय."

"बरं बरं," म्हणून गेणभाऊंनी फोन ठेवला. बूथबाहेर येईस्तोवर त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. अप्लिकेशन म्हणजे अर्ज, हे शेंबडं पोरही सांगेल. तलाठ्याकडे करतात, वीज मंडळाकडे करतात. म्हणजे पुण्यात पोरीनं अजून नुसता अर्जच दिलाय. मग नोकरी मिळाली कशी म्हणते? आणि सिस्टीम तर लग्नाच्या वरातीत वाजते. ती वाजवायला चार वर्षं इंजिनिअरिंग?

एवढं मात्र त्यांना कळत होतं, की पुणं एसटीनं तीन तासांवर आहे आणि बंगळूर कुठल्या दिशेला आहे तेही आपल्याला ठाऊक नाही. पोर एवढ्या लांब जाऊ नये, असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्नर गाठलं. कचेरीबाहेर दादाभाऊ टाईपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरनं नाडी बघावी तशी मान हलवली.

"अप्लिकेशन अडकलंय, दुसरं काय! वरनं आपला एक अर्ज टाका. समदीकडं असंच चालतं, राव."

त्यांनी तिथंच टाईप करून दिलं: 'साहेबांचे सेवेशी. कु. इंद्रायणी हिचे अप्लिकेशन मंजूर होऊन तिला पुण्यातच नेमणूक मिळावी, ही नम्र विनंती.' गेणभाऊंनी जपून सही केली.

शनिवारी संध्याकाळी इंद्रायणी घरी आली, तेव्हा त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला. वाचता वाचता ती खदखदून हसली. मग बापाचा चेहरा पाहून समजावू लागली.

"अण्णा, हे अप्लिकेशन म्हंजे अर्ज न्हाई. माणूस कॉम्प्युटरवर जे काम करतो, त्याचा प्रोग्राम. तिकीट काढायचा, पत्र लिहायचा. माणसाला तो समोर दिसतो."

"आन सिस्टीम?"

"ती त्याच्या खाली असती. एका मशीनवर दहा प्रोग्राम चालत्यात. त्यांना मशीन वाटून द्यायचं. कुणाला किती जागा, कुणाची पाळी कवा, एकानं दुसऱ्याचं वढून घ्यायचं न्हाई."

"मंग मानसं तिच्यावर काय करत्यात?"

"काय न्हाई. ती हाय हेच त्यांना ठाऊक नसतं."

कुणाला ठाऊकच नाही अशा कामाला पगार कोण देतं, हे गेणभाऊंना काही केल्या उमगेना.

रविवारी सकाळी ती त्यांच्याबरोबर टाकीवर गेली. गेणभाऊ चावी फिरवत होते, तोच वरच्या आळीतून कोंडाबाईनं हाळी दिली, "ओ पाणीवालं! झोपलात का काय?"

"आलं, आलं!" ते म्हणाले, आणि सवयीनं पुटपुटले, "वरच्याला अकरा आटे. खालच्याला चारच, न्हाईतर समदं तीच वढून घेती."

इंद्रायणीनं विचारलं, "अण्णा, कोंडाबाई ह्या पाण्याचं काय करंल?"

"मला काय ठावं? कालवण करंल, न्हाईतर म्हशीला पाजंल."

"ते तिचं अप्लिकेशन. तुमी करता ती सिस्टीम."

"ही वॉलची चावी?"

"व्हय."

गेणभाऊंनी हातातल्या चावीकडे पाहिलं आणि एकदम भडकले. "मंग तर मुळीच जायाचं न्हाई! बावीस वर्सं म्या शिव्या खाल्ल्या. आता तू बंगळूरला जाऊन त्याच खाणार व्हय?"

तिनं हळूच विचारलं, "तुमाला शाळेत शिपायाची जागा दोनदा चालून आली व्हती. का न्हाई घेतली?"

गेणभाऊंनी रोजच्यासारखा पाइपावर तळवा ठेवला. पाइप कसा थरथरतो त्यावरून पाणी कुठवर पोचलं ते त्यांना कळायचं. अख्ख्या गावात ते आणखी कुणालाही कळत नव्हतं.

"कोंडाबाईच्या दाराशी आलं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला तिकडचं असं कळतं का गं?"

"कळतं. लई आवडतं, अण्णा."

खिशात तिनं परत दिलेला दादाभाऊंचा अर्ज होता. तो त्यांनी काढला, चार घड्या केल्या आणि परत खिशात ठेवला. पुण्याच्या आशेवर त्यांनी तिथंच पाणी सोडलं. "जा" एवढंच म्हणाले.

महिन्याभरानं नारायणगावला जीपची वाट बघताना दादाभाऊ भेटले. "मंग, पोरगी काय करती बंगळूरला?"

गेणभाऊंनी सांगायला सुरुवात केली. मशीन, दहा प्रोग्राम, पाळी, जागा. तिसऱ्या वाक्याला सगळा गुंता झाला. आपल्याला कळलंय की नाही, हेच त्यांना कळेना.

"पाणी सोडती," ते शेवटी म्हणाले.

दादाभाऊंनी कपाळाला हात लावला. "एवढं शिकून पाणीच सोडती?"

"व्हय," गेणभाऊ म्हणाले. "माझीच पोर हाय ती."