हिमालयातला भोंगा

महिना होऊन गेला. आमच्या चाळीतला दिनकर गेला, आणि ती बातमी त्याच्या घरी न्यायची वेळ माझ्यावर आली. कंपनीतला एक माणूस शाळेत आला, मला वर्गाबाहेर बोलावून म्हणाला, "मास्तर, तुमचे शेजारी लेथवर काम करता करता कोसळले... दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं. घरी तुम्हीच सांगा." मी चिंचवडच्या त्या रस्त्याने पाय ओढत निघालो. चाळीचा जिना चढत असताना शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला, आणि वर पोचतो तर दिनकरच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, कडी काढलेली, दार सताड उघडं, स्टोव्हवर चहाचं आधण. "भाऊजी, तुमी? आन् ह्या वेळंला?" एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं मला लिहवत नाही.

गेलेल्या माणसावर लिहायचं तर गोड लिहायचं असा रिवाज आहे. मला तो जमणार नाही. दिनकर चांगला टर्नर होता आणि अत्यंत भिकार लेखक होता. उभ्या आयुष्यात त्याने एकच कादंबरी लिहिली, तीही बर्फाळ जंगलातली! ज्याने थंडी पाहिली ती फार तर आळंदीला पहाटे इंद्रायणीत बुडी मारताना, तो हिमालय लिहायला बसला. नायिका सुलोचना, रानातल्या लाकडी घरात एकटी. बाहेर हिमवादळ. तिचा प्रियकर जंगल खात्यात, तो दिवसभर रानात. आणि त्याच रानात एक खुनी मोकाट, जो प्रियकराचा आवाज हुबेहूब काढतो. दारावर थाप पडली की बाहेर नेमकं कोण? हा याचा सस्पेन्स. मी एकदा म्हणालो, "दिन्या, तुला बर्फ कुठे ठाऊक रे?" तर पुढच्याच रविवारी पठ्ठ्या पिंपरीच्या बाजारातून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलच्या कॅरिअरवर घालून हजर. ऐन मे महिना. डोक्याला माकडटोपी, लादी परातीत, तिच्यावर दोन्ही पाय, आणि हा लिहितोय! अर्धी लादी वाटेत गेली होती, उरलेली खालच्या बिऱ्हाडाच्या अंथरुणावर गळली. ते लोक वर येऊन वाट्टेल ते बोलून गेले. हा मला म्हणतो, "मास्तर, पाय बधिर झाले, पण प्रकरण जमलं राव!" पुढे आठवडाभर शिंकत होता गाढव.

आणि जमलं म्हणजे काय, तर वादळात अडकलेली सुलोचना थालीपीठं थापते. त्या देवदारांच्या जंगलात हिला भाजणी कोण दळून देत होतं, देव जाणे. तिचा प्रियकर गुडघाभर बर्फातून येतो आणि चपला दाराबाहेर काढून आत शिरतो. चपला! वाचताना माझं डोकं उठायचं.

तरी हे सगळं मी गिळलं असतं. भोंगा मात्र घशाखाली उतरेना. त्या निर्मनुष्य रानात, जिथे कारखाना नाही, गाव नाही, विजेचा खांबसुद्धा नाही, तिथे रोज दिवस कलताना भोंगा होतो. सुलोचना तो ऐकते आणि कडी काढते. भोंग्याआधी थाप पडली तर श्वास रोखून बसून राहते. खुन्याला आवाज काढता येतो, पण वेळ साधत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, हिमालयात भोंगा कुठून आणलास?"

"मग तिला कळणार कसं, त्याची यायची वेळ झाली ते?"

"घड्याळ दे की तिला!"

"घड्याळ काय मास्तर, नुसतं टिकटिक करत बसतं. भोंगा झाला की माणूस सुटतो."

हे असलं तर्कशास्त्र. आणि वर हसायचा.

पुण्यातले एक प्रकाशक माझ्या ओळखीचे होते. मी शब्द टाकला. वाचनालयांना त्या काळी रहस्यकथा कितीही दिल्या तरी पुरत नव्हत्या, त्यांना माल हवाच होता. त्यांनी वाचली आणि म्हणाले, छापतो, फक्त तो भोंगा काढा, लोक हसतील. एवढीच अट! दिनकरला पुस्तकाची हौस इतकी, की मुखपृष्ठावर आपलं नाव कसं दिसेल ते पाटीवर खडूने काढून लांबून बघायचा. मला वाटलं, आता हा नाचेल. तर तोंड एवढंसं करून म्हणाला, "मग राहू दे."

"एका भोंग्यापायी पुस्तक घालवतोस?" मी अक्षरशः ओरडलो.

"भोंगा काढला तर ती दार कशाच्या भरवशावर उघडणार? चुकून त्या हरामखोराला घेईल घरात."

असला हटवादी, असला मठ्ठ माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याला गॅलरीत सगळ्यांदेखत 'भोंगासाहेब' म्हणत आलो. त्याने एकदाही राग धरला नाही, आणि भोंगाही काढला नाही.

तेरावं झालं, तेव्हा मी ठरवलं की आता हा भांडायला नाही, आपणच शहाणपणा करून टाकावा. प्रकाशक अजून तयार होते. गेल्या आठवड्यात वहिनींकडे जाऊन ते बाड मागून घेतलं आणि तिथेच लाल पेन्सिल घेऊन बसलो. "वहिनी, एक चूक तेवढी काढतो. मग पुस्तक येईल त्याचं."

"तुमास्नी कळतं त्यातलं," त्या म्हणाल्या. "मी न्हाई वाचली. ते म्हनायचे, छापून आल्यावर वाच." आणि तांदूळ निवडत बसल्या.

भोंग्याचं पान सापडलं. पेन्सिल टेकवली, आणि बाहेर कंपनीचा भोंगा झाला. वहिनींनी सूप बाजूला सारलं. उठल्या, स्टोव्हला पंप मारला, आधण ठेवलं, दाराची कडी काढली आणि दार उघडून उभ्या राहिल्या... जिन्यावरून शिफ्टची माणसं वर येऊ लागली. एकेकजण डबा हलवत आपापल्या खोलीत शिरला. मग गॅलरीत कोणी उरलं नाही.

"रोज व्हतं बगा असं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "भोंगा झाला की हात कडीकडंच जातो."

मी पेन्सिल खिशात टाकली. कादंबरी भिकार आहे, यावर मी अजूनही ठाम आहे. पण सुलोचनेचं दार बंद करणारा मी कोण? प्रकाशकांना जाऊन सांगितलं, छापायची तर भोंग्यासकट छापा. त्यांनी मान हलवली, जमणार नाही म्हणाले.

मी म्हणालो, मग राहू दे.