काकूंच्या डोक्यावरचा पदर

“हा कुठला इन्साफ?” असं विचारताना काकू कमरेवर हात ठेवायच्या. भाजीवाल्यानं सडकी मिरची घातली तरी हाच प्रश्न, आठवडाभर नळाला पाणी आलं नाही तरी हाच. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. आमच्या पुंडलिकनगरात या होत्या, आता नाहीत.

सासूसमोरही कधी डोक्यावरून पदर न घेतलेल्या काकू एका उन्हाळ्यात अचानक पदर घेऊन फिरू लागल्या. काकूंनी गुरू केला, असं बायकांनी ठरवून टाकलं. एकीनं तर पायच धरले. “उठा हो, कंबर धरेल तुमची,” काकू खेकसल्या.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्वचेच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच स्कूटीवरून नेलं होतं. गल्लीतला लंगडा कुत्रा, नवाब, काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून अंगावरचे गोचीड काढून घ्यायचा. त्यातलाच एक काकूंच्या टाळूवर चढून चावला. तिथले केस गेले, रुपयाएवढं टक्कल पडलं.

“केस परत येतील. याची कुणाला लागण होत नाही,” डॉक्टर म्हणाले.

काकूंना केसांची काळजी नव्हतीच. “हे दिसलं तर नवाबला हाकलतील गं,” म्हणत त्यांनी पदर पुढे ओढला.

पुढे गल्लीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “कुत्र्यांमुळं रोग पसरायलेत.” काकूंना राहवलं नाही. त्यांनी फटकन पदर मागे टाकला.

“हे बघा! मला चावला. मेले का मी? गुन्हा गोचिडाचा अन् सजा कुत्र्याला? हा कुठला इन्साफ?”

झालं! कुत्र्याला औषध देऊ, फवारणी करू, असं मी घसा फोडून सांगितलं. ऐकतो कोण? शिकलीसवरली माणसं, पण त्या टकलाकडे बघून खुश झाली होती. त्यांना पुरावा मिळाला होता. एका भर दुपारी, काकू डॉक्टरांकडे गेलेल्या असताना, नवाबला गाडीत कोंबून नेलं. कुठं सोडला, कुणी सांगेना. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. एका मुक्या, लंगड्या जनावराविरुद्ध एवढी एकी!

काकू पार खुलताबादपर्यंत शोधून आल्या.

दिवाळीच्या सुमारास त्या मला घेऊन गल्लीच्या अध्यक्षांच्या दारात गेल्या. पदर काढला आणि मान खाली घातली. टाळूवर बोटभर पांढरे केस उगवले होते.

“आले बघा केस,” त्या म्हणाल्या. “आता माझा नवाब आणून द्या.”

“बसा ना काकू, फराळ घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

काकू तशाच वाकून उभ्या राहिल्या.