नंबरवाला तुकडा

रुस्ताकच्या बाजारात एक म्हातारा ओमानी जुन्या बंदुका दुरुस्त करायचा. त्याच्याकडचं एक पिस्तूल मला पुण्याच्या घरात भिंतीवर लावायचं होतं. मेव्हण्याला तसं सांगूनही बसलो होतो. परवान्याची अडचण मी माझ्या मते हुशारीने सोडवली होती.

"चाचा, खोलके दो," मी म्हणालो. "नळी माझ्या बॅगेत, मूठ बायकोच्या. सुट्या भागांना पिस्तूल कोण म्हणेल?"

"माझ्या बॅगेत काही नाही यायचं," बायको म्हणाली.

म्हाताऱ्याने डोक्याच्या फडक्याच्या टोकाने चष्मा पुसला आणि शांतपणे पिस्तूल सुटं केलं. नळीवर बोट ठेवलं, "ये लोहा." मुठीवर, "ये लकडी." मग नंबर कोरलेला मधला सांगाडा उचलला. "ये बंदूक. अकेला भी बंदूक. कायदा इसी को पूछता है."

"कस्टमवाल्यांना काय कळतंय!"

त्याने माझा चेहरा निरखला आणि पिस्तूल पुन्हा जोडून कपाटात ठेवलं. "खलास, रफीक, मेरे दोस्त. ये चेहरा पहले सवाल में मेरा नाम बोल देगा."

बायकोने जोरात मान हलवली.

निघताना मी त्याचं नाव विचारलं. तो नुसता हसला.