एका कानाचा बोळा

समजा, ड्रमच्या मागच्या त्या तीन पायांच्या गोल स्टुलावर तुम्ही बसला आहात. डाव्या हाताला हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप करायच्या दोन पितळी झांजा, तुमच्या डाव्या कानापासून जेमतेम हातभर अंतरावर. उजवीकडे जमिनीवर एक तिरपा स्पीकर तोंड वर करून तुमच्याकडेच बघतोय. त्याला मॉनिटर म्हणतात. बाकीचे काय वाजवतायत ते तुम्हाला कळावं म्हणून तो असतो. कार्यक्रमाला पाच मिनिटं आहेत आणि तुमच्या तळहातावर स्पंजचे दोन पिवळे बोळे आहेत. त्यातला एक चिमटीत धरून वातीसारखा बारीक वळा. डोक्यावरून पलीकडचा हात नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने दाबून ठेवा. तीसपर्यंत मोजा. जग हळूहळू मऊ होत जातं. आता दुसऱ्या कानाची पाळी. घालाल दुसरा बोळा?

वहिनी घालत नसे.

तिला वहिनी म्हणणारा खरा माणूस एकच, तिचा धाकटा दीर. ती ड्रम वाजवायची त्या बँडचा साउंड तो सांभाळायचा. पण त्याचं ऐकून गायिकेपासून हॉलच्या वॉचमनपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणू लागले होते. बँडमध्ये गिटार वाजवायचा तिचा नवरा. कंपन्यांचे वार्षिक समारंभ, दुकानांची उद्घाटनं, कुणाचा निवृत्तीचा निरोप, हॉटेलातली रविवारची दुपार, असं बारा वर्षं चाललं होतं. वहिनीची लय इतकी पक्की, की नवरा म्हणायचा, घरातलं घड्याळ बंद पडलं तर हिच्याकडून लावून घ्यावं.

पाच वर्षांपूर्वी एका कार्यक्रमानंतर तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती दोन दिवस वाजली आणि गेली. दुधाने पोळलेली वहिनी तेव्हापासून ताकही फुंकून पिऊ लागली. डाव्या कानात बोळा घातल्याशिवाय काठ्यांना हात लावायचा नाही, हा नियम. उजवा कान मात्र उघडा. दोन्ही कान बंद केले तर गायिका कडव्यावर आली की मुखड्यावर गेली हे कळणार कसं? एक कान जपायचा, एक कामाला लावायचा. हिशोब चोख होता. गेल्या काही महिन्यांत उजवीकडे कधीमधी बारीक वाजायचं, पण तिकडे तर झांज नव्हतीच. सर्दी असेल, असं म्हणून ती सोडून द्यायची.

या हिशोबातली चूक पकडली ती सासूने. सासूबाई अठरा वर्षं विणकामाच्या गिरणीत होत्या. चाळीस माग एकदम चालायचे. त्या गदारोळात बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या, आणि साहेबाची टिंगल साहेबाच्या समोर उभं राहून करायच्या. आता त्यांच्या दोन्ही कानांत ऐकण्याची मशिनं होती. एका सकाळी भाजी निवडताना त्या काहीतरी सांगत होत्या आणि वहिनी ऐकत होती. सासूबाई मध्येच थांबल्या आणि टॉवेलने तोंड झाकून बोलत राहिल्या.

"काय म्हणालात, आई?"

सासूबाईंनी टॉवेल काढला. "तेच बघत होते. तू माझं ऐकत नाहीस, माझं तोंड वाचतेस. मी अठरा वर्षं हेच केलंय, मला शिकवू नकोस."

वहिनी हसली आणि म्हणाली की मी रोज बोळा घालते, माझ्या कानाला काय होणार. पण त्या आठवड्यात तिने स्वतःवर नजर ठेवली, आणि सासूबाईंचं खरं होतं. नवरा पाठमोरा बोलला की ती दोन पावलं फिरून त्याच्यासमोर यायची. पाय आपोआप जायचे. तिला विचारतही नसत.

कान तपासणारी बाई तिच्याच वयाची होती. लोखंडी जाड दाराची, भिंतींना गालिचा मारलेली एक छोटी खोली. आत शिरलं की फ्रीजमध्ये बसल्यासारखं. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. पहिली फेरी यंत्र आपोआप घेतं, असं बाईने सांगितलं. बारीक सूर वाजेल, ऐकू आला की बटण दाबा, अगदी मुंगीएवढा असला तरी. वहिनीने दाबायला सुरुवात केली. सूर लहान होत गेले, आणखी लहान झाले, धुरासारखे झाले, आणि ती दाबत राहिली. आपण पैकीच्या पैकी मार्क मिळवतोय असं तिला वाटत होतं.

दार उघडून बाई आत आली. तिने विचारलं, तुम्ही करता काय? वहिनीने सांगितलं, ड्रम वाजवते.

"तरीच. शेवटचे आठ सूर मी बंद करून ठेवले होते. तुम्ही आठही दाबलेत, आणि आठही अगदी वेळेवर."

यंत्र दर तीन सेकंदांनी सूर देत होतं. वहिनीच्या बोटाने ती लय केव्हाच उचलली होती. वहिनी ओशाळली, पण मनातून गोंधळली जास्त. कारण तिने काही लबाडी केली नव्हती. ते आठ सूर तिला ऐकू आले होते. अगदी बारीक, पण आले होते.

दुसरी फेरी बाईने स्वतः घेतली, मुद्दाम आडव्यातिडव्या वेळाने. मग कागदावर दोन रेषा आल्या. डाव्या कानाची निळी रेषा बऱ्यापैकी सरळ होती. उजव्याची लाल रेषा वरच्या सुरांपाशी येऊन खड्ड्यात पडली होती.

वहिनीने कागद उलटा करून पाहिला. हेडफोन उलटे घातले होते का, असं विचारलं. बाईने तिला लाल खुणेचा हेडफोन दाखवला. तो उजव्याच कानावर होता. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा साधारण असाच खड्डा पडतो, बाई म्हणाली. यातलं गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपता येतं. वहिनी म्हणाली, पण माझी झांज डावीकडे आहे. बाईने विचारलं, उजवीकडे काय असतं?

घरी येऊन वहिनीने कागद स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावून दोन्ही रेषा पाहिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या म्हणाल्या.

उजवीकडे मॉनिटर असतो. आणि मॉनिटर दिराच्या हातात असतो.

सरावाची जागा म्हणजे एका शिंप्याच्या दुकानामागचं गोदाम. दीर तिथे साउंडच्या टेबलावर वायरी गुंडाळत होता. त्या टेबलावर सरकत्या बटणांची रांग असते, प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायला; त्यातल्या एका बटणाखाली त्याने मार्करने 'वहिनी' असं लिहिलं होतं. ते तिच्या मॉनिटरचं. दिराची एक सवय होती. कार्यक्रमात वहिनी ज्या आवाजावर खूश होई, तिथे तो पांढऱ्या टेपची बारीक पट्टी चिकटवून ठेवी, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. वहिनीने इतक्या वर्षांत ते टेबल कधी वाकून पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. बटणाच्या शेजारी पट्ट्यांची शिडी झाली होती. खालून वर नऊ पायऱ्या. वरून खाली एकही नाही.

"भावजी, हे एवढं मी मागितलं?"

तो म्हणाला, दर वेळी. थोडा वाढव, थोडा वाढव. मीही म्हटलं, वहिनी खूश तर घर खूश.

मग त्यांनी प्रयोग केला. बोळा न घालता ती बसली, दिराने सर्वात खालच्या पट्टीवर नवऱ्याच्या गिटारचं रेकॉर्डिंग लावलं. छान ऐकू येत होतं. नंतर तिने रोजच्यासारखा डाव्या कानात बोळा घातला, काठ्या उचलल्या, आठ मात्रा वाजवल्या आणि सवयीने मान वर करून म्हणाली, "थोडा वाढव." दीर हसला. मग त्याने पट्ट्यांच्या शिडीकडे बोट दाखवलं.

गोष्ट साधी होती, आणि साधी होती म्हणूनच पाच वर्षं दिसली नाही. एक कान बंद केला की सगळंच लहान वाटतं. लहान वाटलं की हात जोरात पडतो. हात जोरात पडला की गिटार बुडते, म्हणून मॉनिटर वाढतो, आणि तो वाढलेला सगळा मारा उघड्या कानावर. आवाज तीन डेसिबलने चढला की कानावरचा भार दुप्पट होतो. कानाला एवढं कळत नाही, त्याला फक्त 'थोडा' वाढल्यासारखं वाटतं. डाव्या कानाची राखण करायला बसवलेल्या बोळ्याने उजव्याचं घर लुटलं होतं.

दिराने वरच्या आठ पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. मग म्हणाला, "मी आवाजाचं शिक्षण घेतलंय, वहिनी. मला दिसायला हवं होतं." ती म्हणाली, मागणारी मी होते. कुणी कुणाला माफ करायचं तेच ठरेना, म्हणून दोघांनी वायरी गुंडाळल्या.

तपासणाऱ्या बाईने सुचवलेले वाजवणाऱ्यांसाठीचे बोळे आले. हे स्पंजसारखे नुसते झांजेची धार मारत नाहीत. सगळेच सूर साधारण सारखे कमी करतात. आता दोन्ही कानांत बोळे, मॉनिटर खालच्या पट्टीवर. पहिले दोन दिवस वहिनीला आपण पाण्याखाली वाजवतोय असं वाटलं. स्वतःचा श्वास, गिळलेला आवंढा मोठा. ड्रम मात्र शेजारच्या घरात. ती मुद्दाम हात हलका ठेवायला शिकली. दोन आठवड्यांत जमलं. निदान तसं वाटलं.

शनिवारी दुपारी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कार्यक्रम होता. टेबलं भिंतीला लावून स्टेज केलेलं. चौथं गाणं जोरात झालं, टाळ्या पडल्या, आणि नवरा गिटार गळ्यात तशीच ठेवून तिच्याजवळ आला. घामाने डबडबलेला आणि थोडा चिडलेला. त्याने विचारलं, मी एवढ्या खुणा करत होतो, बघितल्या नाहीस का? ती म्हणाली, मला वाटलं रंगात आलायस.

"अगं, दुसऱ्या कडव्यापासून माझी वायर गेली होती. अर्धं गाणं गिटार नव्हतीच."

वहिनी त्याच्याकडे पाहत राहिली. तिने गिटार ऐकली होती. शेवटच्या मुखड्याआधीची ती खालून वर जाणारी ओढ, जी तो कधी कधी किंचित उशिरा घेतो. आजही त्याने ती उशिरा घेतली, असं तिला वाटलं होतं.

चहाच्या सुट्टीत नवऱ्याचं मत पडलं की बोळ्यांचाच दोष. काढून टाक, नाहीतर उद्या मी घरी राहिलो तरी तुला कळणार नाही. दीर म्हणाला, काढायचे नाहीत, गेलेला कान मी पुन्हा पट्ट्या लावून आणू शकत नाही. दोघांचंही पटत होतं. वहिनीने उरलेली गाणी बोळे घालूनच वाजवली, पण प्रत्येक गाण्यात नवऱ्याच्या बोटांकडे बघत.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माग बंद व्हायचे, त्या म्हणाल्या, आणि आम्ही तरी अर्धा तास ओरडूनच बोलायचो. डोक्यात ते चालूच असायचे. वहिनीने विचारलं, म्हणजे ते कानाचं होतं की सवयीचं? सासूबाईंनी खांदे उडवले. गिरणीत हे विचारायला वेळ कुणाला होता?

सोमवारी पुन्हा तपासणी आहे. वहिनीने दोन्ही बोळे डबीत घालून डबी काठ्यांच्या पिशवीत ठेवली आहे. ती घालायचं सोडणार नाही, एवढं तिचं ठरलंय. पण त्या गालिच्याच्या खोलीतले, कानात बोळे नसताना ऐकलेले, न वाजलेले आठ सूर आणि कॅन्टीनमधली न वाजलेली गिटार तिच्या मनात शेजारी शेजारी येऊन बसली आहेत. बाईला विचारायचा प्रश्न तिने दिराच्याच पांढऱ्या टेपच्या तुकड्यावर लिहून डबीला चिकटवलाय: त्या दुपारी माझे कान उघडे असते, तर गिटार थांबलेली मला कळली असती का?