दाऊदभाईंचा पालथा पेला

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, उतारा या भानगडीत मी कधी पडलो नाही. आमच्या माण तालुक्यात पिंपळाखालून रात्री-अपरात्री सायकल दामटत मोठा झालो. तेव्हा कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहितानाही थोडं हसूच येतंय... किंवा यायला हवं. हल्ली येत नाही, तो भाग वेगळा.

कतारला, दोहात मी मिनीबस चालवतो. अल थुमामाला कंपनीचा जुना व्हिला आहे, त्यात आम्ही ड्रायव्हर राहतो. माझ्या खोलीत मी आणि दाऊदभाई. ते रत्नागिरीकडचे, माझ्याहून बरेच मोठे, तेही ड्रायव्हरच. पूर्वी ते एका अमेरिकन इंजिनियरची गाडी चालवायचे. त्यानं त्यांना बेसबॉलचं वेड लावलं आणि देश सोडताना आपला टीव्हीही देऊन गेला. अमेरिकेतल्या मॅचेस आमच्याकडे शुक्रवारी सकाळी, चहाच्या वेळी लागायच्या. सुट्टीचा दिवस. मला आधी त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एका खोलीत राहायचं तर काय करणार!

आमची पैज असायची. हरेल त्यानं शुक्रवारचं मटण करायचं. दाऊदभाई मुद्दाम दुबळी टीम घ्यायचे. "जिंकनाऱ्याला सगलेच आहेत. हरनाऱ्याचा कोन हाय?" असं म्हणून काडेपेटी टेबलावर ठेवायची आणि तिच्यावर आपला स्टीलचा पेला पालथा घालायचा. हा आमचा कायदा. मॅच संपेपर्यंत आभाळ कोसळलं तरी पेला उचलायचा नाही. संपली की उचलायचा, आणि हरलेल्यानं काडी ओढून गॅस पेटवायचा. बहुतेक शुक्रवारी काडी तेच ओढायचे. मटण मात्र फर्मास करायचे.

त्यांचा सगळा राग टीमच्या मॅनेजरवर. बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला ओव्हरची मर्यादा नसते. मॅनेजर काढेपर्यंत त्यानं टाकतच राहायचं. पोरगा दमून खांदा चोळतोय, आणि मॅनेजर तोंडात सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलाय, असं दिसलं की दाऊदभाई टीव्हीसमोर उभेच राहायचे. "अरे काढ त्याला! हात मेला त्याचा, दिसत नाय काय तुला? स्वतः कसा सांगेल तो?"

खरंय. तो कधीच सांगत नाही. आम्ही तरी कुठे सांगतो?

एका शुक्रवारी अशीच मॅच चालू असताना ते म्हणाले, छातीत जळजळतंय, जरा पडतो. पुन्हा उठले नाहीत. हॉस्पिटल, कागद, विमान, सगळं झालं. मी रडलो नाही. का, ते मलाच ठाऊक नाही. टेबलावरचा पेला तसाच पालथा राहिला. ती मॅच शेवटपर्यंत कोणी पाहिलीच नव्हती, मग उचलायचा कसा? मी नवी काडेपेटी आणली.

त्यांच्या ड्युट्याही माझ्याकडे आल्या. सुपरवायझर फोन करायचा, मी "ओके सर" म्हणायचो. झोप उडाली होती, पण स्टिअरिंगवर मात्र डोळे मिटायचे. एका गुरुवारी संध्याकाळी रिकामी बस घेऊन येताना चाक फुटपाथवर चढलं तेव्हा जाग आली. भीतीसुद्धा वाटली नाही. बस लावली, किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मॅच लावली, सवयीनं चहा दोघांचा केला. तेवढ्यात फोन. "भाई, समैस्मा बीच का पिकनिक ग्रुप है, फॅमिली लोग, बच्चे हैं. यल्ला, जल्दी निकलो."

"ओके सर."

खिळ्यावर किल्ली नव्हती. खिसे, गादी, बूट, मोरी, बससुद्धा... सगळं पालथं घातलं. टेबलावर नजर गेली, पण पेला उचलून बघायचं मनातही आलं नाही. मॅच चालू होती ना! शेवटी फोन करून किल्ली हरवल्याचं सांगितलं. सुपरवायझरनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "खलास" म्हणून फोन आपटला आणि दुसरी बस, दुसरा ड्रायव्हर पाठवला.

मी दाऊदभाईंच्या रिकाम्या कॉटवर टेकलो. दुबळी टीम पुढे होती. बॉल टाकणारा पोरगा खांदा चोळत होता. मॅनेजर बिया चघळत होता. "काढ त्याला," मी पुटपुटलो... आणि पुढचं आठवत नाही.

जाग आली ती चहा मांडीवर सांडल्यामुळे. बसल्या बसल्या, हातात ग्लास धरून झोपलो होतो. किल्ली सापडली असती तर त्या वेळी मी समैस्माच्या हायवेवर असतो. मागे पोरं गाणी म्हणत असती. तेव्हा कुठे भीती वाटली.

मॅच संपली होती. टीव्हीवर सांगत होते, पोरग्याला शेवटपर्यंत काढलं नाही, टीम हरली. म्हणजे आता पेला उचलायला हरकत नव्हती.

उचलला. खाली काडेपेटी होती, आणि काडेपेटीवर बसची किल्ली.

मित्र म्हणतात, तूच झोपेत ठेवली असशील. मीही तेच म्हटलं असतं. पण आठवड्याच्या सुरुवातीला धुळीचं वादळ झालं होतं, आणि मी काही खोली झाडली नव्हती. पेल्यावर ती धूळ साय धरल्यासारखी होती, आणि तिच्यावर बोटं उमटलेली होती ती फक्त माझी, त्या क्षणाची. किल्लीनं तर मी आदल्या संध्याकाळपर्यंत बस चालवली होती. मग ती खाली गेली कधी? तुमच्यापैकी कोणाला उत्तर सुचलं तर जरूर सांगा. मला आजवर सुचलेलं नाही.

दुपारी सुपरवायझरला फोन करून आठवडाभराची सुट्टी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "सर, मी दमलोय."

दाऊदभाई हरले होते, तेव्हा कायद्यानं स्वयंपाक त्यांचा. त्यांच्या वतीनं मीच त्यांच्या काडेपेटीतली काडी ओढली, गॅस पेटवला आणि दोघांचं मटण टाकलं. कांदा चिरायच्या आधीच डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.