इमानाचा क्रूस

आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे की तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाईला पडलेल्या विमानांचा नाद आहे. खालच्या शेजारणीनं एकदा लिफ्टमध्ये धीर करून म्हटलंच, "अगं, एवढं अशुभ कसलं वाचत बसतेस? भिशीला ये की." मी म्हटलं, भिशीत तरी कुठे काय शुभ चालतं? तेव्हापासून ती माझ्याशी बेताचंच बोलते.

हा नाद वडिलांकडून आला. ते विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आणि अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत जेवताना कुठलं इंजिन कशामुळे बंद पडलं यावरच बोलणं चालायचं. मी मात्र छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म काढला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझं डोकं अजूनही फिरतं. नोकरी संपल्यावर मी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या लष्करी विमानांच्या अपघातांचे जुने अहवाल इंटरनेटवर वाचायला लागले. लाकूड, कापड आणि तारांची ती विमानं, आणि चालवणारी विशी-पंचविशीतली पोरं. अहवालात सगळं दोन ओळींत उरकलेलं: इंजिन थांबलं, यंत्र नष्ट, वैमानिक मृत. युद्धात मेलेल्यांची स्मारकं तरी होतात. हे लोक सरावात नाहीतर टपाल पोचवताना मेले, त्यांना कोण विचारतंय? याचा मला राग यायचा, आणि अजून येतो.

असे अहवाल वाचणाऱ्या देशोदेशींच्या मंडळींचा एक गट आहे. त्या गटातून एका इंग्रज बाईंनी मला गाठलं. वय नव्वदीच्या पुढे. त्यांच्या वडिलांचं विमान मुंबईच्या उत्तरेला समुद्रात पडलं तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. अहवाल मी वाचला होता. विमानात दोघे होते. एकाला मच्छीमारांनी वाचवलं, वैमानिक मिळालाच नाही. वाचलेल्या माणसानं किनाऱ्याचं जे वर्णन केलं होतं ते मला गोराईचं वाटलं. तसं कळवल्यावर बाईंनी व्हिडिओ कॉल केला. त्या म्हणाल्या, "विमान का पडलं ते मला नको. ते कुठे आहेत तेवढं शोध. समुद्र हे काही उत्तर झालं नाही." नंतर अगदी सहज म्हणाल्या, "आणि जरा लवकर शोध."

गोराई मला बोरिवलीहून लांब नाही. जेट्टीवरून बोट पकडली, खाडी ओलांडली आणि गावात विचारत सुटले, "इथे फार पूर्वी विमान पडलं होतं का?" दुकानातल्या पोरांनी माना हलवल्या. शेवटी एक शिक्षिका भेटली, गावातलीच सून. तिनं आपुलकीनं घरी नेऊन सरबत दिलं.

"विमान वगैरे काय नाही हो आंटी. पण आलाच आहात तर आमचा इमानाचा क्रूस बघून जा ना! इमान म्हणजे फेथ."

शेताच्या बांधावर चुना लावलेला एक बुटका दगडी क्रूस होता आणि त्याच्याखाली नवीकोरी पाटी, 'श्रद्धेचा क्रूस'. हल्लीच्या मुलांना जुना शब्द कळत नाही म्हणून तिनंच ती रंगवून घेतली होती. मी सवयीनं पाटीवरचं शुद्धलेखन तपासलं. ते बरोबर होतं. प्लेगच्या साथीत रक्षणासाठी उभारलेले असे क्रूस आपल्या उपनगरांत जागोजागी आहेत, त्यातलाच हा एक असणार, असं म्हणून मी परतीची बोट धरली. बाईंना कळवलं, अजून काही हाती नाही. त्या "बरं" म्हणाल्या. त्यांचं ते शहाण्यासारखं "बरं" मला फार लागलं.

मे महिन्यात त्या शिक्षिकेचा फोन आला. क्रूसापाशी लादीन होती, म्हणजे सगळ्यांनी जमून प्रार्थना गायची, मग उकडलेले चणे वाटायचे. विमानाचं कुणाला विचारता येईल म्हणून मी गेले. शेजारच्या खुर्चीत तिची सासू बसली होती. डोळे मिटून, भसाड्या पण खणखणीत आवाजात गात होती. तेवढ्यात विमानतळाकडे उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं आणि गाणं त्यात बुडालं. म्हातारीनं वर बघून हात झाडला.

"आला मेला इमान! सुकानं गाऊ पन देत नाय."

गाणं राहिलं बाजूला, मी तिच्याकडे वळले. "मावशी, काय आला म्हणालात?"

"इमान गो बाय. एवरा मोटा, दिसला नाय तुला?"

विहिरीची इहीर होते, विळ्याचा इळा होतो, विस्तवाचा इस्तू. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण सुनेनं इमान ऐकलं ते हिंदी सिनेमातलं आणि मी ऐकलं ते छापील पुस्तकातलं. दोघी शिकल्यासवरल्या बायकांनी मिळून त्या बिचाऱ्या वैमानिकाला दुसऱ्यांदा बुडवलं होतं, आणि वर पाटीही ठोकली होती.

लादीन संपल्यावर मी म्हातारीपाशी खुर्ची ओढली. ती सांगायला लागली, "माजी सासू सांगाची. इमान दर्यात परला. दोगं होतं. एकाला आमच्या लोकांनी होरीत घेतला. तो आमच्याच ओट्यावर निजला, नुसता शहाल्याचा पानी प्याला, नि निंगून गेला. दुसऱ्याला दर्यानं मागाहून आनला. तोंड वलखाचा राहिला नव्हता. पाद्रीनं प्रार्थना केली, नि हितंच पुरला."

"पोलिसांना कळवलं नाही?"

"कलवला बी असंल. कोनाला म्हाईत?"

"आणि नाव?"

"नाव कोन सांगनार? इमानवाला. आमी मेनबत्ती लावताना इमानवाला म्हनूनच लावतो."

दोघांतला एक वाचला हे मी गावात एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. तरीही मी हट्टी बाई आहे, पुराव्याशिवाय ओळ पुढे जाऊ देत नाही. त्या किनाऱ्याला दुसरं कुणी लागलं नसेल कशावरून? बाईंना मी दोन्ही सांगितलं, काय जुळतं ते आणि काय सिद्ध होत नाही तेही. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ती जागा दाखव."

पुढच्याच आठवड्यात मी क्रूसासमोर फोन धरून उभी राहिले. सून ओशाळून विचारत होती, "आंटी, पाटी बदलू ना?" चुकीचा शब्द दिसूनही मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "राहू दे." म्हातारीनं फोनमध्ये डोकावून पाहिलं. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं, मधे मी. त्या बाई आधी क्रूस बघत राहिल्या, मग बांध, मग पलीकडची माडाची झाडं. आभार मानून झाले. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"हिला सांग," त्या म्हणाल्या, "मी जन्मले ते गेल्यावर. मुलगा झाला की मुलगी, तेही त्यांना कळलं नाही."

मी मराठीत सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि सुनेचा हात धरून उठली. मेणबत्ती पेटवून क्रूसाच्या पायाशी ठेवली. मग चुना लावलेल्या दगडावर तळवा टेकला आणि कानानं अधू माणसाशी बोलतात तशी मोठ्यानं बोलली.

"आरं इमानवाल्या, आयकलास का? पोरगी झाली तुला. पोरगी! बरी हाय."

फोनमधून त्या विचारत होत्या, काय म्हणाली ती, काय म्हणाली? मला रडू आवरेना, आणि तशीच रडत मी शब्दाला शब्द सांगितलं.